कॉमन डिशचं कोटेशन पास करायच्या आधी

प्रति,
मा. अध्यक्ष, सोसायटी कमिटी,
मनीषनगर, नागपूर

विषय: गच्चीवरची कॉमन डिश आणि बूस्टर

नमस्कार काका,

सगळ्यांच्या फ्री डिशच्या (दूरदर्शनची बिनारिचार्जची सेवा) छत्र्या काढून एकच कॉमन डिश लावायची ही कमिटीची आयडिया बरोबर आहे, उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया टाकायला जागा उरत नाही अन् वॉटरप्रूफिंगवाला येतो तो प्रत्येक स्टँडच्या बोल्टकडे बोट दाखवतो. पण ग्रुपवर जे कोटेशन फिरून राहिलं त्यात सर्वात महाग आयटम आहे खाली मीटर रूममध्ये लावायचा बूस्टर (सिग्नल वाढवायचं यंत्र), अन् डिश मात्र तीच 60 सेंमीची. पैसे उलट्या जागी लागून राहिले काका, ते वर गच्चीवर लागले पाहिजेत.

सिग्नल येतो जीसॅट-15 या सॅटेलाइटवरून, तो आहे जवळपास 36 हजार किलोमीटर वर, म्हणजे डिशपर्यंत पोचतो तेव्हा अगदीच क्षीण असतो. डिशच्या तोंडाशी एलएनबी (सिग्नल पकडणारी छोटी डबी) असते तीच खरी पहिली अँप्लिफायर, म्हणजे सिग्नल वाढवणारी. त्यानंतर वायरमध्ये सिग्नल पडत जातो, साधी आरजी-6 वायर 100 मीटरला 20 डीबीच्या (डेसिबल, सिग्नल किती पडला त्याचं माप) वरच खाते. एवढा पडलेला सिग्नल खाली आल्यावर बूस्टरला दिला तर तो सिग्नलसोबत कचराही तेवढाच मोठा करणार, गेलेलं परत आणणार नाही. जुन्या काड्यांच्या अँटेनाच्या काळातही दूरचं स्टेशन पकडायचं तर बूस्टर वर दांड्यालाच बांधायचे, टीव्हीमागे नाही. (टाकीजवळ तसला एक गंजलेला दांडा अजून उभा आहे, दूरदर्शनचे ते जुने अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर देशभर 2022 पर्यंत बहुतेक बंद झाले, भंगारवाल्याला देऊन टाका.)

म्हणून 90 सेंमीची डिश घ्या, 60 च्या मानाने क्षेत्रफळ सव्वादोनपट होते अन् जुलैच्या झडीत चित्र लवकर फुटत नाही. नागपुरातून दिशा साधारण आग्नेय अन् उंची 60 अंशाच्या आसपास येते, म्हणजे शेजारची बिल्डिंग आड येत नाही, आपलीच टाकी येऊ शकते, तेवढं बघून स्टँड ठोकायला सांगा.

आता स्प्लिटर, म्हणजे एका वायरीतला सिग्नल फ्लॅटांमध्ये वाटणारा डबा, इथेच सगळे फसतात. केबलवाले वापरतात तो जुना स्प्लिटर साधारण 900 मेगाहर्ट्झपर्यंतचा असतो अन् एलएनबीतून येणारा सिग्नल 950 ते 2150 मध्ये असतो, त्यामुळे अंगावर 2400 छापलेलाच घ्यायचा, बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) मिळतो. दुसरं, एलएनबीला करंट सेट टॉप बॉक्सच वायरीतून वर पाठवते. स्प्लिटरमधून हा करंट वर जायची सोय, म्हणजे पॉवर पास, एकाच पोर्टला असला तर त्या एका फ्लॅटवाल्यांनी बॉक्स बंद करून झोप काढली की बाकी सगळ्यांच्या टीव्हीवर नो सिग्नल, मग फोन तुम्हालाच येतील. सगळ्या पोर्टला पॉवर पास पाहिजे, नाहीतर एलएनबीला वेगळा अडॅप्टर.

स्प्लिटरने आठ भाग केले की सिग्नल 10 डीबीच्या वर पडतो, त्यामुळे बूस्टर लागलाच तर तो एलएनबीच्या लगेच पुढे, स्प्लिटरच्या आधी, पाण्यापासून बंद डब्यात. मीटर रूममधला आयटम काढून टाका. वायर चांगल्या तांब्याची अन् एफ कनेक्टर (वायरीच्या टोकाचे पिना) दाबून बसवायचे, पिळून बसवलेले आपल्या 45 डिग्रीत एका उन्हाळ्यात ढिले होतात. वरच्या दांड्याला अर्थिंग कोटेशनमध्ये नाहीच, ते लिहून घ्या, विदर्भातल्या पावसाळी विजा काय असतात हे तुम्हाला सांगायची गरज नाही.

ज्यांच्याकडे महिन्याच्या रिचार्जवाली डिश आहे त्यांचा सॅटेलाइट बहुतेक वेगळा असतो, त्यांना या वायरीचा उपयोग होईलच असं नाही, म्हणून वर्गणी घ्यायच्या आधी फ्लॅटवार विचारून घ्या.

अन् शेवटचं, टेक्निशियनला मीटिंगच्या आधी एकदा गच्चीवर बोलवा. काम झाल्यावर तळमजल्यावरच्या सर्वात लांबच्या फ्लॅटमध्ये त्याने सिग्नल मीटर लावून सिग्नल दाखवायचा, तेव्हाच बाकीचे पैसे द्यायचे, असं कोटेशनवर लिहून त्याची सही घ्या.

आपला,
बी विंग, तिसरा मजला