अंगावरून जाणं आणि घरगुती उपाय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या महिला पुरवणीत यीस्ट इन्फेक्शनवर, म्हणजे योनीमार्गातल्या बुरशीच्या संसर्गावर, आहार आणि घरगुती उपाय सांगणारा लेख आला होता. त्याचा फोटो आमच्या गावातल्या बचत गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला आणि त्यातले काही उपाय बायकांनी करूनही पाहिले. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका होते. आता निवृत्त आहे, पण बायका घरी येतातच. आल्या की आधी बीपी बघायला लावतात, मग चहा होतो, पोराबाळांचं बोलणं होतं. जायची वेळ झाली की दाराशी चप्पल पायात सरकवता सरकवता हळूच म्हणतात, "सिस्टर, अंगावरून लय पांढरं जाते वो. खाजवते बी." त्यामुळे हा विषय पेपरात मोठ्या अक्षरात आला याचा मला आनंदच झाला. पण लसणाची पाकळी सोलून रात्रभर आत ठेवा, दह्यात भिजवलेला कापूस आत ठेवा, हे वाचून मला राहवलं नाही. गावातल्या एका नव्या सुनेने लसणाचा प्रयोग केला. आधीच खाजवून सोललेली नाजूक कातडी, त्यावर कच्चा लसूण. सकाळी तिला लघवीला बसता येईना. तालुक्याच्या डॉक्टर बाईंनी सांगितलं, की मूळ दुखणं राहिलं बाजूला, आता आधी हा भाजल्याचा इलाज करावा लागेल.

लसूण बुरशी मारतो हे खोटं नाही. हळद, कडुनिंब, खोबरेल तेल हेही प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत बुरशीला आवर घालतात. पण बशी वेगळी आणि बाईचं शरीर वेगळं. मायांगाच्या, म्हणजे योनीमार्गाच्या, आत लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू राहतात. ते लॅक्टिक आम्ल तयार करून आतला भाग आंबट ठेवतात आणि बाकीच्या जंतूंना फार वाढू देत नाहीत. कॅन्डिडा ही बुरशी बऱ्याच निरोगी बायकांच्या अंगात थोडी थोडी असतेच. चांगले जंतू कमी झाले किंवा बुरशीला खायला भरपूर मिळालं की ती माजते. तापासाठी, खोकल्यासाठी अँटिबायोटिकचा डोस घेतला की पाठोपाठ खाज सुरू होते ती यामुळेच. गरोदरपणातही ती वाढते. दर चार बायकांमधल्या तिघींना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो, तेव्हा त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आमच्याकडच्या म्हाताऱ्या म्हणतात, "हाडं विरघळून पाणी होऊन जाऊन रायले, म्हणून कंबर दुखते." या एका समजुतीने कितीतरी बायकांनी टॉनिकच्या बाटल्यांवर मजुरीचे पैसे घातले. हाडाचा आणि पांढऱ्याचा काही संबंध नाही. पाळीच्या मधल्या दिवसांत पातळ, पांढुरकं, वास नसलेलं थोडं जाणं ही शरीराची नेहमीची रीत आहे, त्याला औषध लागत नाही.

बुरशीचं जाणं ओळखता येतं. ते घट्ट असतं, फुटलेल्या दुधाच्या चोथ्यासारखं, त्याला सहसा वास नसतो, खाज मात्र जीव नकोसा करते आणि लघवी करताना बाहेरच्या कातडीवर चरचरतं. पातळ, राखाडी आणि मासळीसारख्या वासाचं असेल तर तो जंतूंचा बिघाड. पिवळं-हिरवं, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीचा संसर्ग, आणि त्यात नवऱ्यालाही औषध द्यावं लागतं. तिघांचे इलाज वेगळे. दह्याने, लसणाने किंवा मेडिकलमधून आणलेल्या मलमाने हा फरक कळत नाही, आणि घरी ओळखताना चूकही होते, म्हणून एकदा तरी तपासून घ्यावं. हेही सांगते की कॅन्डिडा हा बाहेरख्यालीपणाचा रोग नाही. खाज सुटली म्हणून नवऱ्याने बायकोवर संशय घेतलेली घरं मी पाहिली आहेत. त्या पुरुषांनी हे पत्र वाचावं अशी माझी इच्छा आहे.

आता खाण्याचं. आपल्या लेखात साखर, पाव, इडली आणि सगळे आंबवलेले पदार्थ बंद करा, आठवड्यात फरक दिसेल, असं होतं. पावातलं यीस्ट आणि कॅन्डिडा या दोन वेगळ्या जाती आहेत. पाव खाल्ल्याने खाली बुरशी होत नाही. आमच्या मजूर बाईच्या डब्यात ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, ठेचा आणि कांदा असतो. त्यातून काय काढायचं तिने? उलट सासवा आधीच "आंबट खाऊ नको, अंगावरून जाईल" म्हणत सुनेचं ताक, चिंच, अंबाडी बंद करतात. आंबट खाल्ल्याने बुरशी वाढते याला आधार नाही. उन्हाळ्यात मठ्ठ्यात कालवलेल्या कण्या खाव्यात, दही खावं, पोटाला ते चांगलंच आहे. पण दही खाल्लं म्हणजे हा आजार बरा होतो असा पक्का पुरावा मिळालेला नाही. घरच्या विरजणातले जंतू आणि मायांगात राहणारे जंतूही एकच नव्हेत. म्हणून दही ताटात वाढावं, आत घालू नये.

साखरेचं मात्र वेगळं आहे, आणि इथे लेखाने अर्धीच गोष्ट सांगितली. निरोगी बाईने चहातली साखर सोडली म्हणून बुरशी जाते असं सिद्ध झालेलं नाही. पण जिला मधुमेह आहे आणि माहीतच नाही, तिची गोष्ट निराळी. रक्तातली साखर वाढली की लघवीत उतरते, तिथल्या ओलाव्यातही वाढते, आणि बुरशीला आयतं खाद्य मिळतं. पन्नाशी ओलांडलेली एक मावशी वर्षभर मेडिकलमधून मलम आणून लावत होती. लावलं की चार दिवस बरं, पुन्हा तेच. कुणी साखर तपासली नव्हती. तपासली तर उपाशीपोटीच तीनशेच्या घरात. गोळ्या सुरू झाल्या, दिवसातून पाच-सहा वेळचा गोड चहा दोनवर आला, बिस्किटाचे पुडे बंद झाले आणि खाज हळूहळू आपोआप गेली. तिच्यासाठी आहार हेच औषधाचं अंग होतं. म्हणून वर्षातून तीन-चारदा त्रास होणाऱ्या प्रत्येकीने आधी साखर तपासावी. तिशीच्या पुढच्यांची ही तपासणी उपकेंद्रात फुकट होते. पुरुषांमध्येही शिश्नाच्या टोकाची कातडी वारंवार लाल होत असेल, चिरत असेल तर साखर बघून घ्यावी. मधुमेहाची डापाग्लिफ्लोझिन नावाची एक गोळी आहे, ती साखर लघवीवाटे बाहेर काढते. औषध चांगलं आहे, पण त्यावर काहींना अशी खाज सुरू होते. गोळी मनाने सोडू नये, डॉक्टरांच्या कानावर घालावं.

लेखात शेताचा उल्लेख कुठेच नव्हता, याचं मला वाईट वाटलं. आमच्या बाईला हा त्रास ताटापेक्षा जास्त बांधावर होतो. श्रावणात निंदणाला गेलेली बाई सकाळी एका सरीने भिजते आणि तोच ओला परकर, आत नायलॉनची चड्डी, दिवस मावळेपर्यंत अंगावर असते. पावसाळ्यात पायाच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात ना, ओलं राहून राहून कातडी पांढरी पडते, सोलते, तसंच वर मांडीच्या सांध्यात आणि आत होतं. बायकांना मी असंच समजावते आणि त्यांना लगेच कळतं. सुती चड्डी, घरी आल्याबरोबर कोरडे कपडे, छातीखालचा आणि जांघेचा घाम पुसून कोरडा ठेवणं, एवढ्याने पुष्कळ आराम पडतो. पाळीचे कपडे लाजेने गोठ्यामागे अंधारात वाळवतात, ते उघड्या उन्हात वाळवा. विदर्भात उन्हाला तोटा नाही. आणि धुऱ्यावर आडोसा नाही म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्याने लघवीचा संसर्ग होतो आणि मग जळजळ नेमकी कशाची तेच कळेनासं होतं.

धुण्याबद्दल थोडक्यात सांगते. बाहेरून साधं कोमट पाणी पुरतं. आतून डेटॉल, साबण, तुरटी, खाण्याचा सोडा यांच्या पाण्याने धुवू नका, त्याने चांगले जंतूच मरतात. कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळ करायची तर खुशाल करा, पण ते पाणीही बाहेरच राहू द्या. खोबरेल तेलाने बाहेरच्या कातडीची चरचर शमते. निरोध वापरत असाल तर मात्र तेल नको, रबर कमजोर होतं. बोरिक पावडर काही हट्टी बुरशीवर डॉक्टर मोजून कॅप्सूलमधून आत ठेवायला देतात. पोटात गेली तर ती विष आहे आणि गरोदर बाईला अजिबात चालत नाही, म्हणून घरी तिचे प्रयोग नकोत.

खरं औषध स्वस्त आहे. फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅमची एक गोळी, किंवा क्लोट्रिमॅझोलची आत ठेवायची गोळी, आणि साध्या संसर्गात दोन-तीन दिवसांत उतार दिसायला लागतो. गरोदर बाईने पोटात घ्यायची गोळी टाळून सात रात्री आत ठेवायचं औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरावं. सरकारी दवाखान्यात अंगावरून जाण्यासाठी हिरव्या रंगाचं दोन नंबरचं किट असतं, त्यात जंतूंवरचं सेक्निडॅझोल आणि बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल दोन्ही असतात, एक पैसा लागत नाही. जिल्हा रुग्णालयात याच तक्रारींसाठी 'सुरक्षा क्लिनिक' आहे. नावावरून ते कशाचं हे कुणालाच कळत नाही, म्हणून बायका दारावरून परत जातात. ओटीपोटात दुखणं, ताप, घाण वास, फोड, संबंधानंतर रक्त जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं, यातलं काही असेल तर घरी एक दिवसही थांबू नये.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली होती. १९८९ साली ती लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले, दर बाईमागे सरासरी तीनपेक्षा जास्त, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. हे आपल्याच विदर्भातलं आहे. तेव्हापासून रस्ते झाले, ॲम्ब्युलन्स आली, आशाताई आल्या. पण मी पाहिलेल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीच्या टेबलाला अजून पडदा नव्हता आणि खिडकीला काच नव्हती. पुरुष डॉक्टर, उघडी खिडकी आणि बाहेर बाकावर बसलेला गावातला दीर. अशा खोलीत कोणती बाई कपडे सैल करील? ती लसूणच सोलत बसणार. प्रत्येक केंद्रात आठवड्यातून एक दिवस महिला डॉक्टर आणि टेबलाला जाड पडदा, ही मागणी आपल्या पेपराने लावून धरावी.

पुरवणीत आहाराचे लेख जरूर छापा, आमच्या बायका ते वाचतात आणि मानतात. पण शरीराच्या आत काही घालायला सांगणारा मजकूर छापण्याआधी तो एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवून घ्या. असे तज्ज्ञ यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही भेटतील.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
ता. आर्णी, जि. यवतमाळ