हलक्या पाककृती छापताना ग्रॅम आणि चमचे लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वजन उतरवणाऱ्यांसाठी वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत ‘हलक्या’ पाककृती नेहमी येतात. फ्राइज, पास्ता, कटलेट, केक असे लाडके पदार्थ कमी उष्मांकांत घरी कसे करायचे, हे वाचकांना हवेच असते आणि ते छापणे योग्यच आहे. आवडीचे सगळे एकदम बंद करून सुरू केलेला आहार फार दिवस निभत नाही. पण या पाककृतींत बहुतेक वेळा ‘थोडे तेल’, ‘चवीपुरते चीज’, ‘आवडीनुसार मध’ एवढेच लिहिलेले असते. नेमके याच तीन जिनसांचे माप नसेल, तर पदार्थ खरोखर हलका झाला की नाही, हे करणाऱ्याला कळायला काही मार्गच उरत नाही.

हिशेब साधा आहे. स्निग्धांशाच्या १ ग्रॅममध्ये ९ उष्मांक, पिष्ट आणि प्रथिनांच्या १ ग्रॅममध्ये ४. मापाचा मोठा चमचा १५ मिलिलिटरचा असतो. तेवढ्या तेलात १२० उष्मांक भरतात. बाटलीतून तव्यावर अंदाजे ओतले की असे दोन-तीन चमचे सहज पडतात. ऑलिव्हचे असो, सूर्यफुलाचे असो की खोबरेल, या आकड्यात फरक पडत नाही. कोणते तेल हृदयाला बरे, हा प्रश्न वेगळा. वजनापुरते बोलायचे तर सगळी तेले सारखीच.

तरीही तेल सरसकट काढून टाकणे ही चूक आहे, आणि घरची हलकी पाककृती बहुतेक तिथेच फसते. तेल, लोणी, चीज पदार्थात दोन ठिकाणी काम करतात. एक, पृष्ठभागावर: रंग, कुरकुरीतपणा, वास. हे जिभेला ताबडतोब कळते. दुसरे, पदार्थाच्या पोटात: दाटपणा आणि मऊपणा. हे काम बऱ्याच अंशी पिष्ट, भाजीचा गर किंवा दही करू शकते. म्हणून आतले कमी करावे आणि वरचे ठेवावे, पण मोजून.

फ्राइज घ्या. बटाटा गरम तेलात असतो तेव्हा आतून जोरात बाहेर येणारी वाफ तेलाला आत शिरू देत नाही. बाहेर काढल्यावर ती वाफ निवते, छिद्रांतला दाब उतरतो आणि अंगावरचे तेल आत ओढले जाते. बरेचसे तेल बटाटा पितो ते त्या क्षणी. ओव्हनमध्ये हा प्रश्नच येत नाही, मात्र पूर्वतयारी नीट लागते. ५०० ग्रॅम बटाट्यांचे १ सेंटिमीटर जाडीचे तुकडे करून अर्धा तास थंड पाण्यात ठेवावेत, म्हणजे अंगावरचे पिष्ट आणि थोडी साखर निघून जाते. मग दीड लिटर उकळत्या पाण्यात मीठ आणि अर्धा छोटा चमचा खायचा सोडा घालून ४ ते ५ मिनिटे उकडावेत. सोड्याने बटाट्याची कड किंचित विरघळून खरखरीत होते आणि हाच खरखरीत थर पुढे कुरकुरीत होतो. सोडा जास्त पडला तर साबणासारखी चव येते आणि तुकडे मोडतात. निथळून ५ मिनिटे चाळणीतच वाफ जाऊ द्यावी, मग भांड्यात १ मोठा चमचा तेल घालून हलक्या हाताने घोळावे. ट्रे ओव्हनबरोबरच तापलेला असावा, २२० अंश सेल्सियस, तुकडे एकाच थरात आणि एकमेकांना न चिकटता. २० मिनिटांनी उलटावेत, एकूण ३० ते ३५ मिनिटे.

ट्रेमध्ये गर्दी झाली की बटाटे भाजण्याऐवजी एकमेकांच्या वाफेत शिजतात. घाईने उलटले तर पापुद्रा ट्रेलाच राहतो. रंग सोनेरी आला की थांबावे. गडद तपकिरी होईपर्यंत भाजल्यास ॲक्रिलामाइड हे नको असलेले रसायन वाढते. कच्चे बटाटे फ्रिजमध्ये ठेवल्याने त्यांच्यातली साखर वाढते आणि ते लवकर काळपटतात, म्हणून ते बाहेरच ठेवावेत. सगळ्या ट्रेचे मिळून सुमारे ५०५ उष्मांक होतात; तिघांत वाटले तर प्रत्येकी १७० च्या आतबाहेर.

पांढऱ्या सॉसच्या पास्त्यात बचत आणखी मोठी आहे. नेहमीच्या पद्धतीत २५ ग्रॅम लोणी, २५ ग्रॅम मैदा, २५० मिलिलिटर साईचे दूध आणि १०० ग्रॅम चेडर चीज धरले तर नुसत्या सॉसचे ८०० हून अधिक उष्मांक होतात. त्याऐवजी साय काढलेले दूध तेवढेच, १२ ग्रॅम कॉर्नफ्लोअर, चांगले मुरलेले, तिखट वासाचे चेडर ४० ग्रॅम आणि अर्धा छोटा चमचा मोहरीची पूड घ्यावी. बेरीज सुमारे ३०० वर येते. कॉर्नफ्लोअर तीन मोठे चमचे थंड दुधात कालवावे. थेट गरम दुधात टाकले की गुठळ्या होणारच. उरलेल्या दुधाला उकळी आली की त्यात हे कालवलेले कॉर्नफ्लोअर ढवळत ओतावे आणि बुडबुडे येऊ लागल्यावर एक मिनिट शिजू द्यावे. त्याआधी उतरवले तर पिठाची कच्ची चव राहते. मग गॅस बंद करून, दोन मिनिटे थांबून, बारीक किसलेले चीज दोन-तीन वेळा करून घालावे. उकळत्या सॉसमध्ये चीज घातले की त्यातली प्रथिने आवळतात, तेल सुटते आणि खाली चिवट गोळा उरतो.

इथे कमी स्निग्धांशाचे चीज वापरण्याचा मोह टाळावा. चीज वितळते ते त्यातल्या स्निग्धांशामुळे. तो काढला की रबर होते. सौम्य चीज १०० ग्रॅम घालण्यापेक्षा तीव्र चवीचे ४० ग्रॅम कधीही बरे. सॉसमध्ये २०० ग्रॅम फुलकोबीचा गर घालायचा असेल तर कॉर्नफ्लोअर निम्मे करावे आणि फुलकोबी वाफवून अगदी मऊ करावी. पाण्यात उकडलेली फुलकोबी पाणी धरून ठेवते आणि सॉस पातळ होतो. पास्ता मात्र कोरडाच तोलावा. १०० ग्रॅम कोरड्या पास्त्यात सुमारे ३६० उष्मांक असतात आणि शिजल्यावर त्याचे वजन दुपटीहून थोडे अधिक होते. शिजलेल्याचे वजन करून कोरड्याचा आकडा लावला, किंवा उलट केले, तर सगळा हिशेबच कोसळतो.

क्रीमऐवजी दही घालायचे तर टांगून पाणी काढलेला चक्का घ्यावा, त्यात छोटा चमचाभर कॉर्नफ्लोअर फेटावे आणि भांडे आचेवरून उतरवल्यावरच मिसळावे. उकळीत दही फाटते.

ब्रेडच्या चुऱ्यात घोळवलेल्या कटलेटांसाठी चुरा आधीच भाजून घेण्याची युक्ती आम्हाला सर्वांत उपयोगाची वाटते. ५० ग्रॅम चुऱ्याला २ छोटे चमचे तेल चोळून मंद आचेवर सोनेरी करावे. मग कटलेट अंड्याच्या पांढऱ्यात बुडवून त्यात घोळवावे आणि २०० अंशांवर जाळीवर भाजावे. चुरा आधी भाजला नाही तर आतले शिजून कोरडे पडते तरी वरचा रंग पांढराच राहतो. जाळी नसेल तर खालची बाजू ओली राहते. पातळ पिठात बुडवलेले काहीही एअर फ्रायरमध्ये घालू नये. गरम तेल ते पीठ क्षणात पकडते, हवेला ते जमत नाही आणि पीठ खाली ओघळते.

केकबद्दल स्पष्टच लिहायला हवे. १०० ग्रॅम तेलापैकी निम्म्याच्या जागी बिनसाखरेचा सफरचंदाचा गर घातला तर पूर्ण केकमागे सुमारे ४२० उष्मांक वाचतात, म्हणजे १२ तुकड्यांत प्रत्येकी ३५. सगळे तेल काढले तर केक चिवट होतो, कारण तेलच मैद्यातल्या ग्लुटेनला, म्हणजे चिवटपणा आणणाऱ्या प्रथिनाला, आवर घालत असते. साखर पाव हिश्श्यापर्यंत कमी चालते. त्यापुढे केक कोरडा, फिकट आणि बसका होऊ लागतो. एवढा खटाटोप करण्यापेक्षा खरा केक लहान तुकडा करून खाणे आम्हाला जास्त शहाणपणाचे वाटते. साखरेऐवजी मध हा तर बदलच नव्हे. मोठा चमचा साखरेत ५० च्या आसपास उष्मांक असतात, तेवढ्याच मधात ६४, कारण चमचाभर मधाचे वजन अधिक भरते.

एक धोका पाककृतीत क्वचितच लिहिला जातो. स्निग्धांश कमी झाला की चव सपाट लागते आणि हात मिठाकडे जातो. मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भाजलेला लसूण, मिरपूड, शेवटी पिळलेले लिंबू यांनी बरेचसे काम भागते.

तेव्हा आमची विनंती अशी. ‘हलकी’ म्हणून छापलेल्या प्रत्येक पाककृतीत तेल, लोणी, चीज आणि साखर ग्रॅममध्ये किंवा मापाच्या चमच्यात द्यावी, पदार्थ किती जणांचा ते लिहावे आणि एका वाढपाचे वजनही द्यावे. सोबत दोन ओळींची सूचनाही असावी: दोन वर्षांखालील मुलांना कमी स्निग्धांशाचे जेवण देऊ नये, आणि इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी जेवणातले पिष्ट एकदम कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोलावे, कारण औषधाचा डोस तोच राहिला तर रक्तातली साखर धोकादायकरीत्या उतरू शकते.

आपले,
आहार व पाककला शिकवणारे काही वाचक