प्रत्येक स्विचबोर्डात न्यूट्रलची वायर हवीच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी तारतंत्री, म्हणजे वायरमन आहे. १९८५ साली आयटीआयमधून हा ट्रेड करून बाहेर पडलो आणि तेव्हापासून कोल्हापुरात घरांच्या वायरिंगची कामं करतो. लाकडी पट्टीवर पत्र्याच्या क्लिपा ठोकून वायर नेण्याचे दिवस पाहिले, मग केसिंग-कॅपिंग आलं, मग भिंतीतलं कन्सिल्ड फिटिंग. गेली पाच-सहा वर्षं मला येणारे निम्मे फोन मोबाईलवर चालणारी बटणं, त्यांची मॉड्यूल (बोर्डात बसणारी छोटी यंत्रं) आणि एलईडी दिवे यांच्या तक्रारींचे असतात. लोक बल्ब बदलतात, मॉड्यूल परत पाठवतात, राऊटर नवीन घेतात. दोष बहुतेक वेळा भिंतीतल्या वायरिंगमध्ये असतो आणि तिकडे कुणी बघत नाही. म्हणून हे पत्र.

या पावसाळ्यात माझ्या प्राथमिक शाळेतल्या बाईंचा फोन आला. वय ७८, घरात एकट्या, मुलगा बेंगळुरूला. "अरे, माझ्या खोलीतला दिवा मरतच नाही. बटण बंद केलं तरी धुगधुगत राहतो. एकदा येऊन बघ." गेलो. गेल्या दिवाळीत मुलाने येऊन त्या खोलीच्या बोर्डात वाय-फायचं मॉड्यूल बसवून घेतलं होतं. आई रात्री उठली तर तिला अंधारात चाचपडायला नको, बेंगळुरूहूनही दिवा लावता यावा, हा त्याचा हेतू. हेतू चांगलाच होता. पण त्या दिवसापासून बल्ब पूर्ण विझेना. अंधार केला की मंद उजेड, मधूनच एक फडफड, पुन्हा मंद उजेड. दुकानदाराने तीन वेळा बल्ब बदलून दिला होता.

मी विचारलं, "बाई, मग झोपता कशा?" त्या म्हणाल्या, "बल्ब काढून ठेवते की." भिंतीवर सातेक फुटांवर होल्डर. खाली एक लाकडी स्टूल. रोज रात्री दहाच्या सुमारास बाई त्या स्टुलावर चढायच्या, नॅपकिनने धरून बल्ब काढायच्या आणि सकाळी परत लावायच्या. जवळजवळ आठ महिने. हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला.

काम सुरू केलं ते मेन बंद करून, बोर्ड उघडून. आत मॉड्यूल दोन वायरींचं. म्हणजे एक वायर आत, एक बल्बकडे, न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर नाहीच. जुन्या पद्धतीच्या घरात स्विचबोर्डात न्यूट्रल बऱ्याचदा येतच नाही. ती वरच्या जंक्शनमधून (वायरी जोडायच्या डब्यातून) थेट दिव्याला जाते आणि बोर्डात फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी जिवंत वायर, व दिव्याकडे जाणारी रिटर्नची वायर उतरते. साध्या बटणाला एवढं पुरतं. मोबाईलच्या मॉड्यूलला मात्र दिवा बंद असतानाही स्वतः जागं राहावं लागतं, नाहीतर मोबाईलची हाक त्याला ऐकू कशी येणार? न्यूट्रल नसेल तर ते आपला थोडासा करंट बल्बमधूनच ओढून घेतं.

आपल्या जुन्या ६० वॅटच्या बल्बला याचा काही फरक पडत नव्हता. त्याची तार लाल व्हायलाच भरपूर करंट लागायचा, पूर्ण उजेडाला अडीचशे मिलीअँपिअरच्या वर. मधल्या काळात, ५ जानेवारी २०१५ ला स्वस्तात एलईडी बल्ब देणारी सरकारची उजाला योजना सुरू झाली आणि काही वर्षांत घराघरांतून ते बल्ब गेले, ९ वॅटचे एलईडी आले. विजेची बचत झाली, ते उत्तमच. पण ९ वॅटच्या एलईडीला पूर्ण तेजाला चाळीसेक मिलीअँपिअर लागतात आणि धुगधुगायला तर त्याचा बारीकसा अंश पुरतो. बल्बच्या आत एक कपॅसिटर असतो. मॉड्यूलने सोडलेला करंट त्यात थेंब थेंब साठतो, भांडं भरलं की एकदम उपडं होतं, बल्ब फडफडतो आणि पुन्हा भरणं सुरू. बल्ब कितीही बदला, हे असंच चालणार.

मी मॉड्यूल काढून बाजूला ठेवलं, साधं बटण जोडलं, मेन चालू केली आणि खिडकी लावून घेतली. फडफड थांबली. मंद उजेड मात्र होताच, पहिल्यापेक्षा कमी, पण होता. इथे मी थबकलो. मॉड्यूल नाही, बटण बंद, तरी उजेड कसा? बल्ब काढला आणि व्होल्ट मोजायच्या मीटरचं एक टोक होल्डरच्या पिनेला, दुसरं अर्थिंगला लावलं. २२८ व्होल्ट. बटण बंद असताना.

म्हणजे बटण न्यूट्रल तोडत होतं आणि फेज दिवसरात्र थेट होल्डरमध्ये उभा होता. बाई ज्या होल्डरमधून रोज रात्री बल्ब काढत होत्या, तो बटण बंद असूनही जिवंत होता. पावसाळ्यात भिंतीला ओल, हातात नॅपकिन, पायाखाली स्टूल. लाकडी होतं म्हणून, एवढंच मी म्हणू शकतो.

कारण वर जंक्शनमध्ये सापडलं. ती मागची खोली नंतर वाढवलेली. तिला कनेक्शन देताना ज्याने कुणी काम केलं त्याने दोन्ही वायरी काळ्याच वापरल्या होत्या आणि जोडताना फेज-न्यूट्रल उलट झाले. लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग, हे आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवतात. पण लाल वायर संपली म्हणून काळी ओढली, असं आजही साइटवर सर्रास चालतं. उलट जोडणीचा आणखी एक परिणाम असा, की दिव्याला फेज कायम असल्याने, पाईपात शेजारून लांबवर गेलेल्या वायरींमधूनही किंचित करंट वाट काढतो. जुन्या बल्बला त्याचा पत्ताच नव्हता. एलईडी तेवढ्यावरही जागा राहतो. तसं पाहिलं तर त्या मंद उजेडानेच हा दोष उघडा पाडला, नाहीतर आणखी वीस वर्षं कुणाला कळलं नसतं.

जोडणी सरळ केली. जुन्या वायरीला बांधून लाल वायर ओढून घेतली आणि त्याच पाईपातून न्यूट्रलसाठी एक काळी वायर बोर्डात उतरवली. पाईपात एका कोपऱ्यावर सिमेंट गेलेलं, वायर ओढायची स्प्रिंग पुढे सरकेना. तेवढ्या एका वायरीला दीड तास गेला. मग तीन वायरींचं मॉड्यूल बसवलं. दिवा बंद केला तो काळाकुट्ट बंद झाला. बाई म्हणाल्या, "आता झोपीन." मुलाला फोनवर सगळं सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

ही एका घराची गोष्ट नाही, म्हणून एवढ्या विस्ताराने लिहिली. बोर्डात न्यूट्रल नाही, या एका उणिवेवर लोक काय काय उपाय करतात ते मी रोज बघतो. त्यातला सर्वांत वाईट उपाय म्हणजे मॉड्यूलची न्यूट्रलची वायर हिरव्या अर्थिंगला जोडून देणं. मॉड्यूल चालतं, गिऱ्हाईक खूश, काम करणारा पैसे घेऊन गेला. एका नव्या फ्लॅटमध्ये फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात म्हणून मला बोलावलं होतं. हॉलमधली तीन मॉड्यूल अर्थिंगवर चालत होती आणि अर्थिंगची मुख्य वायर मीटरच्या खोलीत सुटलेली होती. मॉड्यूलमधून आलेल्या करंटला जायला जागा उरली नाही, तो फ्रिजच्या आणि गिझरच्या अंगावर आला. त्या घरात रांगणारं मूल होतं. अर्थिंग जिवाच्या रक्षणासाठी असते, तिच्यावर कुठलंही उपकरण चालवायचं नसतं, हे मला मोठ्या आवाजात सांगावंसं वाटतं.

दुसरा उपाय शेजारच्या खोलीतून न्यूट्रल उसना घेण्याचा. ती खोली वेगळ्या आरसीसीबीवर (करंट गळला की सप्लाय तोडणाऱ्या सुरक्षा-बटणावर) असेल तर आरसीसीबी उडायला लागते, कारण तिच्यातून गेलेला आणि परत आलेला करंट सारखा हवा, तिसेक मिलीअँपिअरचा फरक पडला की तिने उडायचंच असतं. ती तिचं काम करते, पण लोक "सारखी उडते, काढून टाका" म्हणतात आणि काढून देणारेही भेटतात. कृपा करून असं करू नका. न्यूट्रल ओढणं शक्यच नसेल, तर दोन वायरींच्या मॉड्यूलबरोबर दिव्याला समांतर लावायचा छोटा बायपास (मॉड्यूलच्या करंटला दिव्याबाहेरून वाट देणारा तुकडा) मिळतो, तो त्याच कंपनीचा घेऊन दिव्याच्या ठिकाणी लावून घ्यावा. धुगधुग आणि फडफड त्याने बहुतेक वेळा थांबते. फेज बटणातूनच जातोय ना, हे मात्र आधी मीटरने तपासून घ्यावं. नुसत्या टेस्टरच्या लाल ठिपक्यावर निकाल देऊ नये. टेस्टर चोरट्या करंटवरही पेटतो.

बाकी तक्रारी किरकोळ असतात, पण त्यांतही लोकांचा पैसा जातो. मॉड्यूल वाय-फायला जोडलंच जात नसेल तर राऊटरचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा चालू आहे का बघावं, बहुतेक मॉड्यूलना ५ गिगाहर्ट्झ कळत नाही. लोखंडी बॉक्समध्ये खोल बसवलेल्या मॉड्यूलला रेंज कमी मिळते. लाईट जाऊन रात्री दोन वाजता आली की सगळ्या घरातले दिवे भक्कन लागतात, ही तक्रार आमच्याकडे पावसाळ्यात फार. ॲपमध्ये वीज परत आल्यावर दिवा चालू राहावा की बंद, याची सेटिंग बहुतेक मॉड्यूलना असते. ती 'बंद' वर ठेवली की झालं. साधा एलईडी डिमरवर लावला की गुणगुणतो आणि लवकर जातो, खोक्यावर डिमेबल लिहिलेलं असेल तरच लावावा. पीओपीतल्या १२ व्होल्टच्या एलईडी पट्टीचं शेवटचं टोक मंद दिसतं तेव्हा पट्टी बदलून उपयोग नसतो. दर मीटर लांबीला १४ वॅटची पट्टी पाच मीटर लांब घेतली तर जवळजवळ ६ अँपिअर त्या कागदाएवढ्या तांब्यातून जातात, व्होल्टेज वाटेतच पडतं. दोन्ही टोकांना सप्लाय द्यावा किंवा २४ व्होल्टची पट्टी घ्यावी.

आता बांधकाम करणाऱ्यांना माझी विनंती. जाहिरातीत स्मार्ट होम लिहिता, तर प्रत्येक स्विचबोर्डात न्यूट्रल द्या. माझ्या अनुभवात दोन बेडरूमच्या फ्लॅटला या जादा वायरीसाठी ९० मीटरचं एक बंडल पुरतं. प्लॅस्टर व्हायच्या आधी ते अर्ध्या दिवसाचं काम आहे. नंतर तेच करायला टाइल्स आणि पीओपी फोडावं लागतं. बोर्डाचे बॉक्स थोडे खोल घ्या, उथळ बॉक्समध्ये मॉड्यूल कोंबताना वायरी दबतात आणि तिथेच जळतात. रंग पाळा. ज्यांनी नुकतेच फ्लॅट घेतले त्यांनी लक्षात ठेवावं, की २०१६ च्या रेरा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत कामाच्या दर्जाचा दोष निदर्शनाला आणला तर विकसकाने तो ३० दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. उलट जोडलेला फेज हा कामातला दोषच आहे. लेखी कळवा.

परगावी राहणाऱ्या मुलामुलींनाही सांगतो. आईवडिलांच्या घरात ही बटणं जरूर बसवा, मी स्वतः बसवून देतो. पण भिंतीवरचं हाताचं बटण चालतं राहील असंच मॉड्यूल घ्या, वाय-फाय बंद पडलं तर म्हाताऱ्या माणसाने अंधारात बसू नये. आणि बसवायच्या आधी परवाना असलेल्या माणसाकडून एकदा वायरिंग तपासून घ्या. मॉड्यूल दोनशे रुपयांनी स्वस्त मिळालं का, यापेक्षा ते महत्त्वाचं आहे.

बाईंच्या मेन बोर्डाच्या झाकणाला आतून मी एक कागद चिकटवला आहे. कोणती एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारं बटण) कोणत्या खोलीची, जंक्शन कुठे कुठे आहेत, कोणत्या बोर्डात न्यूट्रल आहे आणि कोणत्यात नाही, हे सगळं त्यावर मराठीत लिहिलंय. बाईंनी तो वाचला आणि 'जंक्शन'चं शुद्धलेखन दुरुस्त करून दिलं. असा कागद ताबा देताना प्रत्येक फ्लॅटधारकाला मिळावा, सोसायट्यांनी तो मागून घ्यावा, आणि आपल्या वृत्तपत्राने घरांविषयीच्या पुरवणीत त्याचा नमुना एकदा छापावा. नमुना तयार करून द्यायला मी तयार आहे.

आपला,
एक तारतंत्री, कोल्हापूर