पाया दहा फुटी, भिंत आठ फुटी

न्यूकॅसल,
१४ सप्टेंबर

प्रिय दिन्या,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर तू झापलंस ते बरोबरच होतं. "नुसते दगडांचे फोटो पाठवतोस, त्यातलं काही सांग की लेका!" म्हणून आज मुलं झोपल्यावर कागद घेऊन बसलोय. व्हॉट्सॲपवर हे मावायचं नाही.

तर ती भिंत हेड्रियनची. हा रोमन सम्राट इ. स. १२२ मध्ये ब्रिटनला आला आणि त्याच सुमारास काम सुरू झालं. पूर्वेला टाइन नदी, पश्चिमेला सॉलवेची खाडी, मधे बेट आडवं कापत सुमारे ११७ किलोमीटर. मी कामावर जाताना मेट्रो वॉल्सएंड स्टेशनात थांबते. नावातच 'भिंतीचं टोक' आहे आणि तिथल्या पाट्या इंग्रजीसोबत लॅटिनमध्येही आहेत. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, आपलंच इंग्रजी कच्चं! काळाचा अंदाज हवा असेल तर आपल्याकडे तेव्हा सातवाहन होते. आपल्या कोल्हापूरच्या टाऊन हॉलच्या म्युझियममधला, ब्रह्मपुरीत सापडलेला तो ब्राँझचा समुद्रदेव, पोसायडन, आठवतो? शाळेच्या सहलीत तू त्याला 'रोमचा पैलवान' म्हणाला होतास आणि सरांचा धपाटा खाल्ला होतास. त्याच रोमचं हे दुसरं टोक.

मी तुला जो फोटो सगळ्यात आधी पाठवला, ज्यावर तू 'हे काय, बांध आहे का?' असं लिहिलंस, तो प्लेनट्रीजचा. मेंढ्यांच्या कुरणात उभा असलेला जेमतेम ३६ मीटरचा तुकडा. तिकीट नाही, चहाची टपरी नाही. पण तिथं मी तासभर उकिडवा बसून होतो. कारण तुकड्याच्या एका टोकाला भिंत रुंद आहे आणि मग एकदम ती आत सरकते. खाली पाया मात्र तसाच दहा फुटी पुढं गेलाय. आठ फुटांची भिंत त्यावर उभी आणि उरलेला पाया ओट्यासारखा उघडा. वीस वर्षं साइटवर काढलेल्या माणसाला इथं काय झालं ते कळायला पाटी वाचावी लागत नाही. पाया टाकणारी टोळी पुढं निघून गेली होती आणि मागून येणाऱ्या टोळीच्या हातात सुधारित नकाशा पडला होता.

आणि हे एकदाच झालं नाही. मूळ आराखडा असा: दर रोमन मैलावर, म्हणजे साधारण दीड किलोमीटरवर, दरवाजा असलेली एक चौकी, दोन चौक्यांच्या मधे दोन टेहळणीचे बुरूज आणि मुख्य शिबंदी मागे, दक्षिणेच्या जुन्या रस्त्यावरच्या ठाण्यांत. काम अर्ध्यावर आलं आणि हुकूम आला की ठाणी भिंतीवरच आणा. हाऊसस्टेड्सला तर नुकताच बांधलेला बुरूज पाडून त्यावर किल्ला चढवला. त्या बुरुजाचा पाया खोदकामात किल्ल्याच्या पोटात सापडला. चेस्टर्सला उभी भिंत पाडली, पुढचा खोदलेला खंदक बुजवला आणि वर किल्ला. मग कुणाच्या तरी मनात आलं, मागच्या बाजूलाही हवं काहीतरी. की लगेच सहा मीटर रुंद, तीन मीटर खोल चर आणि दोन्ही अंगांना मातीचे बांध! असं का केलं यावर इथले पंडित शंभर वर्षं भांडताहेत. कुणी म्हणतं स्थानिक टोळ्यांनी त्रास दिला, कुणी म्हणतं वेळ वाचवायचा होता. मला विचारशील तर साहेब साइटवर आले होते!

नकाशाबरहुकूम काम कसं असतं त्याचा नमुना बघायचा असेल तर हाऊसस्टेड्सच्या पश्चिमेची ३७ नंबरची चौकी. उत्तरेला छान कमानीचा दरवाजा आहे आणि त्याच्या बाहेर तीव्र उतार. गाढवसुद्धा त्या दारातून गेलं नसतं. पण मैल तिथं भरत होता, म्हणून दरवाजा तिथं. पुढं त्यांनीच तो दगडांनी चिणून टाकला.

बांधकाम तीन लीजनांनी, म्हणजे रोमन फौजेच्या मोठ्या पलटणींनी, केलं. प्रत्येक तुकडीनं आपला भाग संपल्यावर आपल्या अधिकाऱ्याच्या नावाचा दगड बसवलाय. आपली एमबीच म्हण ना, मेजरमेंट बुक. फक्त दगडावर, त्यामुळं फिरवता न येणारी.

तू विचारशील, एवढे दरवाजे ठेवायचे तर भिंत कशाला? मलाही तोच प्रश्न पडला होता. पण भिंत वाट अडवायला नव्हती, वाट ठरवून द्यायला होती. गुरं घेऊन यायचंय? या, पण इथूनच. हत्यारं ठेवा, माल दाखवा, जकात भरा. शिरोली नाक्याची आठवण झाली मला. हेड्रियन गेल्यावर पुढच्या सम्राटानं, अँटोनायनस पायसनं, १४२ च्या सुमारास पार स्कॉटलंडमध्ये नवी भिंत घातली. मातीच्या ढपल्यांची, सुमारे ६० किलोमीटर. वीसेक वर्षांत ती सोडून सगळे परत या जुन्या भिंतीवर.

नंतर दगडांचं काय झालं ते सांगायला नको. चर्च, वाडे, गोठे, सगळीकडे गेले. वर १७४५ च्या बंडानंतर सरकारनं लष्करी रस्ता केला, तो मैलोनमैल भिंतीच्या पायावरून. मी त्याच रस्त्यानं गाडी चालवत जातो आणि दर वेळी मनात म्हणतो, सबबेस, म्हणजे रस्त्याखालचा थर, पक्का आहे. १८०१ मध्ये विल्यम हटन नावाचा ७८ वर्षांचा म्हातारा बर्मिंगहॅमहून चालत ही भिंत बघायला आला. वाटेत एक जमीनदार घर बांधायला भिंत फोडत होता, त्याला हटननं हातापाया पडून थांबवलं. आपला प्लेनट्रीजचा तुकडा त्यातूनच वाचला, असं म्हणतात.

आता माणसांचं. लीजनांनी भिंत बांधली, पण पहारा दिला तो बाहेरून आणलेल्या शिबंदीनं. आजच्या बेल्जियमकडचे तुंग्रियन, सीरियाचे तिरंदाज, तैग्रिस नदीवरचे नावाडी. साऊथ शील्ड्सच्या म्युझियममध्ये एका बाईच्या थडग्याचा दगड आहे. रेजिना नाव, वय तीस, दक्षिण इंग्लंडच्या टोळीतली. आधी गुलाम होती. सीरियातल्या पालमिराच्या बाराते नावाच्या माणसानं तिला मुक्त केलं आणि लग्न केलं. दगडावर ती खुर्चीत बसलीय, शेजारी लोकरीच्या गुंड्यांची टोपली. खाली लॅटिन मजकूर आहे, तो जरा अडखळतच कोरलेला. त्याखाली बारातेच्या स्वतःच्या लिपीत एकच ओळ, ती मात्र सफाईदार: 'रेजिना, बारातेनं मुक्त केलेली, हाय रे.' आख्ख्या साऊथ शील्ड्समध्ये ती ओळ किती जणांना वाचता आली असेल? माझ्या धाकटीला 'ळ' म्हणता येत नाही अजून. असो.

विंडोलंडाला शेवटी गेलो. भिंतीच्या दीडेक किलोमीटर दक्षिणेला, भिंतीच्याही आधीपासूनचं ठाणं. तिथल्या चिखलात हवा शिरत नाही, त्यामुळं चामडं, लाकूड कुजत नाही. हजारो जोडे निघालेत, बाळांचेसुद्धा. आणि १९७३ मध्ये रॉबिन बर्ली या उत्खनन करणाऱ्याला लाकडाचे पातळ पापुद्रे सापडले. पोस्टकार्डाएवढे, दोन-तीन मिलिमीटरांहूनही पातळ, वर शाईनं लिहिलेलं. एकावर हजेरीपट आहे. तुंग्रियन पलटणीची एकूण माणसं ७५२, त्यातली हजर २९६. बाकीचे कुठं कुठं कामावर पाठवलेले. हजर असलेल्यांत आजारी १५, जखमी ६ आणि डोळे आलेले १०. लेका, ही साम्राज्याची सरहद्द! दुसऱ्या एकात कुणीतरी मोजे, चपलांचे दोन जोड आणि दोन चड्ड्या पाठवल्याचं लिहितोय. त्या दिवशी माझे मोजे बुटातल्या पाण्यानं असे भिजले होते की मला तो पाठवणारा देवमाणूस वाटला.

पण जे तुला सांगायचंय ते वेगळंच. इ. स. १०० च्या आसपास क्लॉडिया सेवेरा नावाच्या, एका ठाणेदाराच्या बायकोनं इथल्या ठाणेदाराच्या बायकोला, सुल्पिसिया लेपिडिनाला, पत्र लिहिलंय. ११ सप्टेंबरला माझा वाढदिवस आहे, तू ये, तू आलीस तर दिवस गोड होईल. हा मजकूर कारकुनाच्या नेटक्या अक्षरात आहे. आणि खाली उजव्या कोपऱ्यात, वेगळ्या, जराशा ओबडधोबड हातानं तिच्या स्वतःच्या ओळी: वाट बघते गं बहिणी. सुखी राहा, जिवलगे. स्त्रीच्या हातचं इतकं जुनं लॅटिन क्वचितच कुठं सापडलंय.

तुला हॉस्टेलवर यायचं ते अंतर्देशीय पत्र आठवतं? सगळं आप्पांच्या अक्षरात, फी भरली का, प्रकृती सांभाळ. आणि घडीच्या कडेला, डिंक लावायच्या जागेवर, आईंच्या दोन ओळी कोंबलेल्या. फाडताना नेमक्या त्याच फाटायच्या आणि तू ते तुकडे कॉटवर मांडून जुळवत बसायचास. मी हसायचो तेव्हा.

मूळ पापुद्रे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असतात. पुढच्या वर्षी येशील तेव्हा आधी तिथं जाऊ, मग इकडं. भिंतीला लागून जाणाऱ्या बसचा नंबरच एडी १२२ आहे. बूट मात्र चांगले आण, पन्हाळगड ते पावनखिंड केलेले ते फाटके आणू नकोस. आप्पा-आईंना नमस्कार.

तुझा,
संज्या

दिनूभावजी, जागा उरली म्हणून लिहिते. हे त्या दिवशी भिजून आले ते चार दिवस शिंकत होते, ते यांनी लिहिलेलं नसणार. वहिनींनी पाठवलेली चटणी पोचली, निम्मी संपलीसुद्धा. दोघं मिळून या.