सुमे, वर्गात भोंडला कर

सिडको, नाशिक

प्रिय सुमे,

तुझा मेसेज वाचला आणि म्हटलं नीट पत्रच लिहावं. मुलं वर्गात मराठी बोलतच नाहीत म्हणतेस ना, मग नवरात्र येतंय, सरळ भोंडला कर. २०२० च्या कायद्याने मराठी सगळ्या शाळांत सक्तीची झाली ते चांगलंच झालं, पण सक्तीने पेपर लिहून होतो गं, तोंड नाही उघडत. माझ्या वर्गात कितीतरी पोरांच्या घरी हिंदी नाहीतर भोजपुरी, आईबाप अंबडला एमआयडीसीत, तरी पाटावर हत्ती काढून फेर धरला की कुणी गप्प राहत नाही.

'कारल्याचा वेल लाव गं सुने' घे. अर्धा वर्ग सासू, अर्धा सून, मुलगेसुद्धा. सासू म्हणते लाव, सून म्हणते लावला, कोंब येऊ दे म्हटलं की आला, भाजी कर म्हटलं की केली. बघ, आज्ञार्थ आणि भूतकाळ दोन्ही आले, वर 'वेल लावला' पण 'भाजी केली' हे लिंग पण कानात बसतं, आणि फळ्यावर तक्ता काढावा लागत नाही. दोनचार फेऱ्या झाल्या की पोरं स्वतःच घालायला लागतात, डबा संपव गं सुने, संपवला हो सासूबाई! सासुरवास कशाला शिकवायचा असं कुणी म्हणालं तर सुनेला माहेरी कसं पाठवायचं ते पोरांनाच लिहू दे, माझ्याकडे फार मस्त शेवट आलेत.

खिरापत मात्र चुकवू नको, मला तर सगळ्यात भारी तेच वाटतं. डबा झाकून ठेवायचा, नुसतं 'लाडू?' चालणार नाही, पूर्ण वाक्यात विचारायचं, गोड आहे का, तळलेलं आहे की भाजलेलं, डबा हलवून वाजतो का. एरवी मागच्या बाकावर मान खाली घालून बसणारी पोरगीसुद्धा ओरडून विचारते कारण तिला खरंच जाणून घ्यायचं असतं.

श्रावणातल्या कहाण्याही अशाच कामाच्या. 'आटपाट नगर होतं' एवढं दिलं की सुरुवात कशी करू हा प्रश्न संपला, आणि शेवटी 'साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' सगळ्यांनी मिळून म्हणायचं. दिवाळीच्या सुट्टीनंतर ज्याचा त्याचा सण सांगायला लाव, माझ्याकडे एकाने गोदाघाटावरची छठपूजा आणि तिचा गोड प्रसाद ठेकुआ असा रंगवून सांगितला की बाकीचे प्रश्न विचारून थकेनात, सगळं मराठीत! फक्त पूजा कुणाला करायला लावू नको, गाणं आणि गोष्ट पुरे.

तुमच्याकडे हादग्याची वेगळी गाणी म्हणतात ना, ती म्हणून व्हॉइस नोट पाठव, लिहून नको, मला चाल हवीये.

तुझी,
मंगल