सुरक्षा अपडेटची मुदत खोक्यावर छापली जावी

महोदय,

घरातला वाय-फाय राउटर परवा उलटा करून पाहिला, तर तळाच्या चिकटपट्टीवर वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड या दोन्हींच्या जागी 'ॲडमिन' हाच शब्द छापलेला होता. पासवर्ड लगेच बदलला. पण सेटिंगमध्ये शेवटच्या अपडेटची तारीख चार वर्षांपूर्वीची निघाली आणि विचारणा केल्यावर कंपनीने 'या मॉडेलचा सपोर्ट बंद झाला आहे, नवे घ्या' असे कळवले. राउटर उत्तम चालतो. वॉरंटी कार्डावर अडॅप्टर किती महिन्यांत बिघडल्यास बदलून मिळेल हेही लिहिले आहे. सुरक्षा अपडेट कधीपर्यंत मिळतील याची मात्र एक ओळ नाही.

ही बाब तंत्रज्ञांवर सोपवून गप्प बसण्यासारखी नाही. २०१६ मध्ये 'मिराई' या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) असेच कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नॉर्वेच्या ग्राहक परिषदेने 'माय फ्रेंड केला' या बोलक्या बाहुलीच्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले: आसपासचा कोणीही अनोळखी माणूस आपला फोन ब्लूटूथने, कोणताही पासवर्ड न देता, तिला जोडून मुलाचे बोलणे ऐकू शकत होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये जर्मनीने तिच्यावर बंदी घातली. ग्राहकांच्या बाजूची संस्था वस्तू हातात घेऊन तपासते तेव्हा असा फरक पडतो. ब्रिटनमध्ये तर २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्यांना सरसकट एकच पासवर्ड घालून उपकरणे विकता येत नाहीत, आणि सुरक्षा अपडेट किमान किती काळ मिळतील हे उत्पादकाला जाहीर करावे लागते. हीच अट सर्वत्र हवी, आणि ती मुदत खोक्यावरच ठळक तारखेच्या रूपात दिसायला हवी.

ती तारीख उलटल्यावर काय, हा प्रश्न उरतोच. माझ्या मते त्याचे उत्तर मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे ज्याचा कोड (मूळ प्रोग्राम) कोणालाही पाहता आणि सुधारता येतो अशा सॉफ्टवेअरमध्ये, आहे. लिंकसिसच्या 'डब्ल्यूआरटी५४जी' या राउटरमध्ये लिनक्स ही मुक्तस्रोत प्रणाली असल्याचे जाणकार वापरकर्त्यांनी हेरले, ती वापरून उपकरण विकणाऱ्याने कोडही द्यावा या तिच्या परवान्यातल्या अटीप्रमाणे कोड खुला करा असा आग्रह धरला, आणि २००३ मध्ये कंपनीने तो खुला केला. त्यातूनच 'ओपनडब्ल्यूआरटी' हे राउटरसाठीचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर उभे राहिले, आणि उत्पादकांनी वाऱ्यावर सोडलेल्या कितीतरी राउटरना त्याचे अपडेट आजही मिळतात. कोड खुला असला म्हणजे सारे आपोआप सुरक्षित होते, असे मात्र नव्हे. इंटरनेटवरची माहिती सांकेतिक रूपात सुरक्षित ठेवणाऱ्या 'ओपनएसएसएल' या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमधली 'हार्टब्लीड' ही चूक दोन वर्षे सर्वांसमोर असूनही २०१४ मध्ये उघडकीस आली. इंटरनेटवरचे असंख्य व्यवहार ज्याच्या भरवशावर चालत, त्या प्रकल्पाला तोवर वर्षाला जेमतेम २ हजार डॉलरच्या देणग्या मिळत. म्हणून ग्राहक संघटनांनी अशा प्रकल्पांसाठी निधीचीही मागणी लावून धरली पाहिजे, आणि तो निधी या कोडवर नफा मिळवणाऱ्या कंपन्यांनी दिला पाहिजे.

माझ्या राउटरच्या सेटिंगमध्येही, अगदी शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत लिनक्सचा परवाना दिलेला आहे. त्याच्या आधारे मी कंपनीकडे कोडची लेखी मागणी केली आहे. सपोर्ट संपलेली अशी उपकरणे ज्यांच्याकडे आहेत, त्यांनीही ती करावी आणि पत्राची एक प्रत आपल्या ग्राहक संघटनेकडे द्यावी.

आपला,
एक नियमित वाचक