गवती चहाची पात नको, बुंधा घ्या

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘व्हिएतनामी पोर्क सँडविच’ची कृती छापून आली. गोव्यातल्या मराठी वर्तमानपत्राने हा पदार्थ छापला याचाच आधी आनंद झाला. मग साहित्याची यादी वाचली: स्लाइस ब्रेड, मेयोनीज, चीजचा तुकडा, चिरलेला कोबी, सोया सॉस आणि ‘गवती चहाची पाने, बारीक चिरून’. त्या पानांपाशी मी चष्मा काढून ठेवला.

मी २००९ ते २०१५ सायगावात होतो. कपड्यांच्या निर्यातीत माल तपासायचं काम. शहराचं सरकारी नाव हो ची मिन्ह, पण तिथली माणसं बोलताना सर्रास सायगावच म्हणतात. बिन्ह थान्ह भागात आमची खोली होती आणि गल्लीच्या तोंडाशी एका बाईंचा गाडा. त्यांना सगळे ‘ची हाय’ म्हणत. ची म्हणजे ताई, हाय म्हणजे दोन. दक्षिणेत घरातल्या थोरल्याला एक नव्हे, दोन म्हणायची पद्धत आहे, त्यामुळे ‘दोन नंबरची ताई’ हीच सगळ्यांत मोठी. सकाळी सहाला त्यांची शेगडी पेटायची. दोन पाखांच्या तारेच्या जाळीत मांसाचे पातळ काप दाबून बसवलेले, एका हातात जाळी, दुसऱ्या हातात पुठ्ठ्याचा पंखा. धूर रस्त्यावर जायचा आणि स्कूटरवाले आपोआप थांबायचे. जाहिरात म्हणाल तर तेवढीच. सुरुवातीला एका पावाचे दहा हजार डोंग पडत, म्हणजे त्या वेळचे साधारण पंचवीस रुपये.

तो पाव म्हणजे बान्ह मी, आणि भाजलेलं मांस म्हणजे थित नुओंग. पाव तिथे फ्रेंचांनी नेला, हे खरं. पण फ्रेंच पद्धतीत पाव, लोणी, थंड मांस असं सगळं ताटात वेगवेगळं यायचं. १९५४ साली देशाची फाळणी झाली, उत्तरेकडून लाखो माणसं दक्षिणेत आली. हनोईहून आलेल्या अशाच एका जोडप्याने १९५८ साली सायगावात ‘होआ मा’ नावाचं दुकान काढलं. बसून खायला वेळ नसलेल्या गिऱ्हाइकांसाठी सगळं पावाच्या पोटात भरून द्यायची सुरुवात त्यांनी केली, असं मानतात. हे दुकान पुढे काव थांग रस्त्यावर गेलं. मी तिथे दोनदा खाल्लं. मला विचाराल तर आमच्या ची हायचा पाव जास्त चांगला. पण गल्लीचा अभिमान कुणाला चुकलाय!

आता मुद्द्याचं. गवती चहाची पात आपण चहात टाकतो आणि बुंधा मातीतच राहू देतो. तिकडे नेमकं उलट. पात कापून बाजूला टाकतात, फार तर उकळत्या पाण्यात घालतात. स्वयंपाकाला वापरतात तो खालचा चार बोटं पांढरट बुंधा. वरची दोन वाळकी सालं काढायची, बुंधा ठेचायचा, मग आडवा अगदी बारीक चिरायचा, कुटला तर आणखी चांगलं. आपल्या कृतीप्रमाणे पात चिरून मांसाला लावली तर ती शिजत नाही, मऊ पडत नाही, दातांत अडकते, आणि जाळीवर सगळ्यांत आधी जळते. माझ्या सुनेने रविवारी डुकराऐवजी कोंबडी घेऊन, बाकी आपली कृती तंतोतंत केली. संध्याकाळी घरातली चारही माणसं टूथपिक घेऊन ओट्यावर बसली होती. आपल्याकडचा बुंधा सायगावच्या मानाने बारीक असतो, म्हणून तिथे तीन लागतात तिथे मी सहा-सात घेतो. जुन्या बेटातले घ्यावेत.

सोया सॉसचा घोळ कुठून झाला असावा याचा मला अंदाज आहे. व्हिएतनाममध्ये ‘मॅगी’ म्हटलं की शेवया नव्हेत, काळ्या खारट सॉसची बाटली समोर येते. त्याचे दोन-चार थेंब पावावर मारतात. मांस मुरवायला मात्र ची हाय नुओक माम वापरायच्या. अँकोव्हीसारखे लहान मासे आणि मीठ, साधारण तीनास एक या प्रमाणात, लाकडी पिंपांत वर्षभर मुरवून गाळलेलं हे तांबूस पाणी. फू क्वोक बेट आणि फान थिएत ही त्याची नावाजलेली गावं. बाटली उघडली की वास नको होतो, पण निखाऱ्यावर तोच वास जाऊन मागे नुसता गोडसर खमंगपणा उरतो. परत आल्यावर पहिल्या वर्षी ते मिळेना, तेव्हा मी हुशारी करून सोडे भिजवले, त्या पाण्यात मीठ घातलं आणि ते मांसाला चोळलं. त्याविषयी अधिक लिहीत नाही. आता थाई बाटली मोठ्या दुकानांत मिळते, ती चालते.

कृती सांगतो, पण आधी जागेचा प्रश्न. आमच्या घरात डुकराचं मांस शिजत नाही. आईच्या वेळेपासून नाही. सायगावहून आल्यावर मी विषय काढला तेव्हा सौ. म्हणाल्या, “तुमचं जे काय असेल ते मागच्या दारी. माझ्या ओट्यावर नको आणि माझ्या फ्रीजमध्ये तर अजिबात नको.” त्यामुळे माझी शेगडी, सुरी, पातेलं सगळं परसात, फणसाखाली. फ्रीजऐवजी थर्माकोलची पेटी आणि बर्फ. घरी केलेलं म्हणजे आमच्याकडे घराबाहेर केलेलं!

म्हापशाच्या बाजारातून अर्धा किलो खांद्याकडचं मांस आणतो, थोडी चरबी असलेलं. नुसतं लाल मांस जाळीवर चामड्यासारखं होतं. विकणारा सोरपोतेलच्या, म्हणजे आपल्या गोव्याच्या डुकराच्या रश्शाच्या, सवयीने तुकडे करायला घेतो, त्याला थांबवावं लागतं. अख्खा गोळा अर्धा तास बर्फात ठेवला की घट्ट होतो आणि काप पातळ निघतात, दोन रुपयांच्या नाण्याहून थोडे जाड, धाग्याला आडवे. मुरवण्यात बुंध्यांचं वाटण, चार छोटे सांबार कांदे आणि पाच लसणाच्या पाकळ्या ठेचून, दोन मोठे चमचे नुओक माम, दोन मोठे चमचे साखर, चमचाभर भरडलेली मिरी आणि थोडं तेल. मीठ नाही. साखर बघून दचकू नये, दक्षिण व्हिएतनामची जीभ गोड आहे, आणि त्या साखरेमुळेच कडा काळ्या-तांबड्या होतात. दोन तास तरी मुरू द्यावं. मग धगधगता नव्हे, राख धरलेला निखारा आणि जाळी सतत उलटसुलट. साखर आहे, हात थांबला की जळलंच. एकेक बाजू दोन-तीन मिनिटं पुरते. तव्यावर करता येतं, पण मग ते मांस भाजत नाही, उकडतं.

कोबीच्या जागी काय, तर दो चुआ. मुळा आणि गाजर समसमान, काडेपेटीच्या काड्यांसारखे चिरलेले. आधी थोडं मीठ आणि साखर चोळून ठेवायचे. मुळ्याची काडी वाकवून दोन्ही टोकं जुळवली आणि ती मोडली नाही की झालं. मग धुऊन, घट्ट पिळून, एक वाटी व्हिनेगर, एक वाटी कोमट पाणी आणि अर्धी वाटी साखर यांत बुडवायचे. मी आपलं माडाच्या सुरेचं व्हिनेगर वापरतो. तिथल्यापेक्षा किंचित उग्र, पण डुकराच्या चरबीला तेच बरं. तासाभरात खाता येतं, दुसऱ्या दिवशी जास्त छान लागतं. बरणी उघडताना मुळ्याचा असा काही भपका येतो की शेजारी गॅस गळतोय का म्हणून विचारून गेले होते. बिघडलेलं नसतं, मुळ्याचा धर्म तो.

भरताना काकडीची लांब फोड, काड्यांसकट कोथिंबीर, तिखट मिरचीचे काप. पातीचा कांदा चिरून त्यावर कडकडीत तेल ओतायचं आणि ते मांसावर, वर भाजलेल्या शेंगदाण्यांचा भरड चुरा. आतून अंड्याच्या बलकाचं मेयोनीज बोटभर लावतात, तेवढं आपल्या कृतीतलं बरोबर आहे. डुकराच्या कलेजीचा ‘पाते’, म्हणजे मऊ वाटलेला लेप, पुष्कळ गाड्यांवर असतो, ची हाय भाजलेल्या मांसाबरोबर तो घालत नसत. चीज मी सहा वर्षांत एकदाही पाहिलं नाही.

ज्यांना डुकर चालत नाही त्यांनी कोंबडीची तंगडी घ्यावी, बाकी सगळं तसंच. आमच्या सौ. तेच खातात, माझ्याच शेगडीवर, पण जाळी वेगळी. शाकाहारी बान्ह मीसुद्धा तिथे भरपूर मिळतो, विशेषतः चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, कारण बरेच बौद्ध लोक त्या दिवशी मांस खात नाहीत. ची हाय पाळायच्या. दिवसभर डुकर भाजायच्या आणि स्वतः भात, तोफू खायच्या. मला थेट आमची आई आठवायची, एकादशीला सगळ्यांसाठी बांगडे तळून स्वतः वरी खाणारी.

राहिला पाव. सायगावचा पाव बाहेरून अंड्याच्या कवचासारखा पातळ आणि कुरकुरीत, आत जवळजवळ पोकळ. चावला की शर्टभर चुरा. स्लाइस ब्रेडमध्ये दो चुआचं पाणी उतरलं की दोन मिनिटांत लगदा होतो, माझी खरी तक्रार ही आहे. आपल्याकडे सायकलवर भोंगा वाजवत पोदेर, म्हणजे पाववाला, दारात येतो, मग दुकानातला ब्रेड कशाला? चोरीस, म्हणजे गोव्याचं डुकराचं सॉसेज, ज्या पावातून खातो तसलाच घ्यावा. पोई चालत नाही, कोंडा आड येतो. कातरो मऊ पडतो. उंडो सगळ्यांत जवळचा. पाण्याचा हात फिरवून निखाऱ्यावर मिनिटभर धरावा, मधून चिरावा आणि आतला मऊ भाग थोडा काढून टाकावा, म्हणजे भरायला जागा होते. पण उंडो गोल, मांसाचे काप लांब, त्यामुळे काकडी बाहेर डोकावते.

यावर उपाय म्हणून मी आमच्या पोदेराला विचारलं की उंड्याचंच पीठ वीतभर लांब वळून, जरा हलकं फुगवून देशील का. तो म्हणाला, “पन्नास घेतात जाल्यार करतां,” म्हणजे पन्नास घेत असाल तर करतो. आमच्या घरात सहा खपतील, ताणून आठ. उरलेल्या बेचाळीसांची सोय होत असेल तर एका शनिवारी भट्टी लावायला तो तयार आहे. आपल्या वाचकांपैकी म्हापसा, करासवाडा, खोर्ली या बाजूला कुणाला रस असेल तर त्यांनी आपल्याकडे कळवावं. आपण माझा पत्ता त्यांना दिलात तर माझी हरकत नाही. दो चुआची मोठी बरणी मी घालून ठेवतो.

आणि पुढच्या रविवारी पाती-बुंध्याची तेवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला जुना वाचक,
म्हापसा, गोवा